इंदूरच्या सराफ्यात रात्री खायला जाताय? मग आधी हे वाचा, चुका सगळ्या आम्ही करून झाल्यात

डिसेंबर उजाडला की ओळखीतले चार-पाच जण तरी उज्जैन-ओंकारेश्वर-इंदूर करून येतात, आणि आल्यावर त्यातले निम्मे मला म्हणतात की सराफा, म्हणजे दिवसा सोनारांची आणि रात्री खाण्याची ती गल्ली, बघितला रे पण एवढं काही खास नाही वाटलं. मग मी दोनच प्रश्न विचारतो. किती वाजता गेलात? साडेसातला. दुपारी काय जेवलात? दाल बाफले, म्हणजे तुपात बुडवलेलं जड जेवण. झालं, इथेच सगळं कळतं.

माझी मावशी लग्न होऊन इंदूरला गेली त्याला आता पस्तीस वर्षं झाली, त्यामुळे माझ्या चकरा खूप झाल्यात, आणि तरी पहिल्या तीन वेळा मी सराफा चुकीचाच केला. ही जागा अवघड अजिबात नाही, पण इथे पोट किती रिकामं आहे आणि कुठली गोष्ट कुठल्या नंबरावर खायची यावर सगळा खेळ आहे, आणि लोक नेमकं त्याच दोन गोष्टींचं प्लॅनिंग करत नाहीत. हॉटेल, गाडी, दर्शनाची वेळ सगळं ठरवतात, पोट देवाच्या भरवशावर.

पायरी १: रात्र कुठली निवडायची

ट्रिप आखतानाच ही रात्र ठरवा, "वेळ मिळाला तर जाऊ" मध्ये टाकू नका. आणि त्यातली सगळ्यात मोठी चूक आधीच सांगून टाकतो: सराफा आणि महाकालची भस्म आरती एकाच रात्रीत बसवणं. आरती पहाटे चारला सुरू होते, रांगेत त्याच्या बरंच आधी जाऊन उभं राहावं लागतं, आणि उज्जैन इंदूरपासून पंचावन्न किलोमीटरच्या आसपास आहे. कागदावर वाटतं की बारापर्यंत खाऊ, एकला निघू, झोप काय गाडीत होईल. प्रत्यक्षात पोटात मालपुवा, डोळ्यात झोप आणि गाडीत कोणाला तरी मळमळ. दोन वेगळ्या रात्री ठेवा, किंवा आरती आधी करून मग इंदूरला या.

शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा. बाहेरगावचे तर येतातच, पण वीकेंडला अख्खं इंदूरसुद्धा तिथेच असतं आणि गल्ली काही रबराची नाही. मंगळवार-बुधवार बेस्ट. धनत्रयोदशीच्या आसपास जाणार असाल तर लक्षात ठेवा की हा मुळात सोन्याचा बाजार आहे, त्या दिवसात सोनाराची दुकानंच उशिरापर्यंत चालू असतात, मग खाण्याचं सगळंच पुढे सरकतं. आणि रंगपंचमीला सराफ्याशेजारच्या राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघते, त्या दिवशी त्या भागात गाडी घेऊन जायचा विचारही नको.

सीझनचं म्हणाल तर गराडू, म्हणजे तळलेला कंद, पाहिजे असेल तर थंडीतच जा. मे महिन्यात जाऊन गराडू कुठेय म्हणून विचारणारे लोक मी बघितलेत, त्यात एकदा मी स्वतः होतो. मक्याचा कीस, म्हणजे भुट्टे का कीस, वर्षभर मिळतो पण पावसाळ्याच्या शेवटी शेवटी देशी कणसं बाजारात असतात तेव्हा चव वेगळीच असते, बाकी वेळेला अमेरिकन गोड मक्यावर काम चालतं आणि मग कीस थोडा गोडच लागतो.

> चेक: दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आधी कुठे पोचायचं आहे का? असेल तर ही रात्र चुकीची आहे.

पायरी २: त्या दिवशी दिवसभर काय खायचं

खरी तयारी ही आहे. अवंतिका एक्सप्रेसने किंवा रात्रीच्या स्लीपर बसने सकाळी इंदूरला उतरलात तर पोहे-जलेबी होणारच, होऊ दे. पण दुपारी हलकं. दाल बाफले त्या दिवशी नको म्हणजे नको. बाफला म्हणजे कणकेचा गोळा आधी पाण्यात उकडलेला, मग भाजलेला आणि मग तुपात बुडवलेला, दोन खाल्ले की माणूस संध्याकाळी सातपर्यंत आडवा होतो आणि रात्री दहाला त्याला फक्त पान खावंसं वाटतं. बाफले दुसऱ्या दिवशी दुपारी खा, ते कुठे पळून जात नाहीत.

दुपारी वरण-भात, ताक, फारतर एक-दोन पोळ्या. दोन-अडीचच्या आत जेवण उरका आणि नंतर थोडं झोपा, कारण रात्री दीड-दोन तास उभं राहायचं आणि चालायचं आहे. संध्याकाळी चहा चालेल, त्याच्याबरोबर प्लेटभर शेव-नमकीन नाही, आणि इंदूरमध्ये कोणाच्या घरी उतरला असाल तर हे पाळणं फार अवघड आहे. माझी मावशी "थोडंसं घे रे" म्हणत कचोरीची डिश पुढे करते आणि मग तीच विचारते की सराफ्यात का नाही खाल्लंस.

आणि छप्पन दुकान, इंदूरची दुसरी खाऊगल्ली. ते वेगळ्या दिवशी करा. लोक संध्याकाळी सातला छप्पनवर जातात, तिथे हॉट डॉग, पॅटिस, पाणीपुरी सगळं रिचवतात आणि तिथून दहाला सराफ्यात. दोन्ही खाण्याच्या जागा, दोन्ही एकाच रात्रीत, मग दुसऱ्या जागेला नावं ठेवणार. छप्पन सकाळी किंवा संध्याकाळी कधीही चालू असतं, सराफा फक्त रात्री. त्यामुळे रात्र सराफ्यालाच द्या.

> सावधान: ज्यांना शुगर, बीपी किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या असतात त्यांनी गोळीची वेळ आधीच ठरवून घ्या. "जेवल्यावर" लिहिलेली गोळी सराफ्यात नक्की कधी घ्यायची हे कोणालाच कळत नाही, कारण तिथे जेवण असं काही होतच नाही, नुसतं खाणं चालू असतं.

पायरी ३: सोबत काय न्यायचं, काय नाही

छोट्या नोटा ठेवा. यूपीआय सगळीकडे चालतं, पण साडेदहा-अकराच्या गर्दीत नेटवर्क गोल गोल फिरत बसतं आणि मागे वीस माणसं उभी असतात. दहा, वीस, पन्नासच्या मिळून पाचशे-सातशे रुपये एका माणसाच्या खिशात, बस. ओले टिश्यू न्या, हात तुपाचे होतातच. प्यायला बाटलीबंद पाणी, आणि बाटली हातात न धरता छोट्या पाठीवरच्या पिशवीत, कारण एका हातात द्रोण आणि दुसऱ्या हातात चमचा असल्यावर तिसरा हात नसतो.

चपला बंद आणि पायात मुरलेल्या. नवीन सँडल घालून आलेली आमची वहिनी अर्ध्या तासात एका दुकानाच्या ओट्यावर बसली ती उठलीच नाही, आम्ही तिला प्लेटा नेऊन देत होतो. बसायला जागा नाही हे घरातल्या ज्येष्ठांना आधीच सांगा. बाबागाडी नेऊ नका, लहान मूल असेल तर कडेवर. आणि बाथरूमला हॉटेलवरूनच जाऊन या.

पायरी ४: पोचायची वेळ आणि रस्ता

दिवसा हा शुद्ध सराफ बाजार आहे. दुकानं रात्री आठ-साडेआठनंतर बंद व्हायला लागतात, मग त्याच दुकानांच्या ओट्यांवर आणि समोर कढया, तवे, शेगड्या मांडल्या जातात. म्हणजे साडेसातला गेलात तर तुम्हाला मंगळसूत्र मिळेल, मालपुवा नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा नेमकं हेच झालं, अर्धा तास सोन्याच्या काचांसमोर फिरलो, शेवटी कंटाळून बाहेर कुठेतरी थाळी खाल्ली आणि परतताना बघतो तर तीच गल्ली पेटलेली. पोट मात्र फुल.

साडेनऊला पोचा. तोपर्यंत सगळं मांडून झालेलं असतं, तेल तापलेलं असतं आणि गर्दी अजून हलता येईल इतपत असते. साडेदहा ते बारा सगळ्यात जास्त दाटी. त्यानंतरही चालू असतं, रात्री एक-दोनपर्यंत, पण उशिरा काही ठिकाणी माल संपलेला असतो.

रिक्षावाल्याला "राजवाडा" सांगा, सराफा नाही. राजवाड्याच्या समोर उतरायचं आणि मागच्या बाजूने पाच मिनिटं चालत सराफ्यात शिरायचं, कोणालाही विचारा, हात करून दाखवतात. भिया, म्हणजे इंदुरी भैया, म्हणून हाक मारलीत तर दोन पावलं सोबतही येतील. स्वतःची गाडी असेल तर ती हॉटेलवरच राहू द्या, जुन्या शहरात रात्री पार्किंग शोधण्यात जो अर्धा तास जातो तो तुमच्या भुकेचा असतो.

> चेक: निघायच्या आधी हॉटेलच्या काउंटरवर विचारा की आज सराफा चालू आहे ना. सणवार, बंद, पालिकेचे नवीन नियम, काहीही असू शकतं आणि लोकल माणसाला ते आधी माहीत असतं.

पायरी ५: पहिली चक्कर, काहीही न खाता

हे कोणीच करत नाही. गल्लीत शिरल्या शिरल्या जो पहिला ठेला दिसतो तिथे तुटून पडतात. तसं करू नका. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू चाला, दहा-पंधरा मिनिटं लागतात, हात खिशात ठेवा आणि फक्त बघा. कुठे माल भराभर जातोय, कुठे तळून ठेवलेलं थंड पडलंय, कुठे इंदूरची कुटुंबं उभी आहेत आणि कुठे फक्त मोबाईल वर धरलेले लोक.

नूडल्स, मोमो, चीज घातलेलं काहीतरी दिसलं तर सोडून द्या. ते तुमच्या गावात नाक्यावर मिळतं, त्यासाठी इथवर आला नाहीत. पेटवलेलं पान तोंडात घालणारेही दिसतील, तो प्रकार व्हिडिओसाठी आहे, ज्याला हौस आहे त्याने करावी, दाढीवाल्यांनी जरा जपून.

चक्कर संपली की तुमच्या ग्रुपने चार किंवा पाच वस्तू ठरवायच्या. दहा नाही. आणि पैसे द्यायला एकच माणूस नेमा. आम्ही एकदा नऊ जण गेलो होतो, प्रत्येकाने आपापलं घेतलं, पहिल्याच ठेल्यावर नऊ प्लेट कीस झाला आणि तिसऱ्या ठेल्यापर्यंत सहा जण बाद.

नियम साधा: तीन-चार माणसांत एक प्लेट. "भिया, एक प्लेट, चार चम्मच" एवढं म्हणा, कोणी तोंड वाकडं करत नाही.

पायरी ६: खायचा क्रम

आता मुद्द्याचं. क्रम असा: गरम तिखट, मग तळलेलं, मग दही, मग थांबायचं, मग गोड, आणि शेवटी थंड. उलटं केलंत की बिघडलं.

*आधी भुट्टे का कीस.* कोवळं कणीस किसून तुपात हिंग-मोहरी-मिरचीच्या फोडणीत परततात, दूध घालून शिजवतात, मऊ लापशीसारखं होतं. वरून खोबरं, कोथिंबीर, लिंबू. मोठ्या परातीसारख्या तव्यावर डोंगर असतो त्याचा, आणि विकणारा कलथ्याने कडेचं मध्ये ओढत असतो. तिथे दोन मिनिटं थांबून बघा, तव्याच्या कडेला जिथे कीस किंचित लागलेला, तांबूस झालेला असतो तिथलं मागून घ्या, "थोडा किनारे का देना भिया". मधला फिकट भाग पहिल्यांदा खाणारा म्हणतो की हा उपमाच आहे. कडेचा खाल्लेला असं म्हणत नाही. पोट रिकामं असताना हा गरम आणि मऊ पदार्थ बरा पडतो म्हणून पहिला नंबर.

*मग गराडू, थंडी असेल तर.* कोनफळाच्या जवळचा कंद, फोडी करून तळलेला. एकदा आधीच तळून ठेवलेल्या असतात, तुम्ही मागितल्यावर परत तेलात जातात. ही दुसरी तळणी तुमच्या डोळ्यांसमोर झाली पाहिजे. बाहेर कुरकुरीत, आत पिठूळ, त्याच्यावर भरपूर लिंबू आणि जीरावन. जीरावन म्हणजे इंदूरचा तो भुरभुरवायचा आंबट-खारट मसाला, काळं मीठ, आमचूर, जिरं, हिंग वगैरे, पोह्यांवर असतो तोच. ढिगातल्या थंड फोडी तशाच मसाला मारून दिल्या तर घेऊ नका, गार गराडू चिवट होतो आणि मग दाताखाली नुसता कंद.

गराडू नसेल तर त्याच्या जागी खोपरा पॅटिस, बटाट्याच्या आवरणात ओल्या खोबऱ्याचं सारण. दोन्ही नको, एकच. दोन्ही तळलेले आणि दोन्ही जड.

साबुदाणा खिचडीबद्दल आपल्या लोकांचा फार घोळ होतो. आपण तूप-जिऱ्यावर परतलेली, दाण्याच्या कुटाची खिचडी डोक्यात घेऊन जातो. इथे साबुदाणा वाफेवर मऊ केलेला असतो आणि मागितल्यावर त्यात मसाला, बटाट्याचा फराळी चिवडा, लिंबू घालून हाताने कालवून देतात. वेगळी गोष्ट आहे, तुलना करत खाऊ नका. आणि उपास असेल तर मसाल्यात काय काय आहे ते विचारा, तिथलं उपासाला चालणारं आणि तुमच्या आईला चालणारं एकच असेल असं नाही.

*मग दही बडा.* जोशींच्या दुकानासमोरची गर्दी लांबूनच दिसते. दह्याने भरलेला द्रोण हवेत उडवून परत झेलायचा आणि एकाच चिमटीतून वेगवेगळे मसाले एकेक करून सोडायचे, हे तिथलं प्रसिद्ध आहे. बघायचं तर जरूर बघा पण व्हिडिओ काढणारे आणि खाणारे यांची रांग एकच झालेली असते, त्यामुळे एकाने ऑर्डर द्यायची आणि बाकीच्यांनी बाजूला व्हायचं. वडा चांगला मोठा असतो, दोघात एक पुरतो. तिखट-तळलेल्यानंतर हे दही पोटाला थंड पडतं म्हणून मध्ये ठेवायचं, सुरुवातीला घेतलंत तर गोड दह्यानेच पोट भरतं.

> सावधान: इथे वीस मिनिटं थांबा. खरंच थांबा. राजवाड्याच्या दिशेने चालून परत या. इथवर आल्यावर "चला आता गोड" म्हणून लगेच घुसणारे अर्धा जलेबा फेकून देतात.

*मग गरम गोड, एकच.* जलेबा म्हणजे जलेबी नव्हे. एकेक नग पावशेराच्या आसपास किंवा त्याहूनही जड भरतो, ताटलीएवढा असतो. "एक जलेबा" सांगताना हे डोळ्यांसमोर ठेवा, चार-पाच माणसांना एक खूप झाला. कढईतून निघून पाकात पडलेला बघूनच घ्या, आणि बरोबर रबडी घ्यायची तर थोडीच. किंवा मग मालपुवा, गरम. किंवा मावा बाटी, म्हणजे गुलाबजामाचा दणकट थोरला भाऊ, आत सारण भरलेला. तिन्ही एका रात्रीत करायचा हट्ट माझ्या मेव्हण्याने केला होता, पुढचा अख्खा दिवस तो मऊ भातावर होता.

*सगळ्यात शेवटी शिकंजी किंवा कुल्फी.* शिकंजी ऐकलं की आपल्याला लिंबू सरबत वाटतं आणि तहान लागलीय म्हणून लोक पहिलाच ग्लास तो मागवतात. इंदूरची शिकंजी दुधाची असते, आटवलेली, दाट, केशर-सुकामेवा घातलेली, चमच्याने खावी अशी. पहिल्यांदा प्यायलात तर रात्र तिथेच संपली. ही माझी दुसऱ्या खेपेची चूक. तीन-चार जणांत एक ग्लास, शेवटी. तहानेला पाणी.

पायरी ७: उभं राहून खातानाच्या बारीकसारीक गोष्टी

भाव बोर्डावर लिहिलेला असतो, नसेल तर आधी विचारा, वजनावरच्या वस्तूंना तर नक्कीच. पैसे देऊन कूपन घ्यायचं की खाऊन पैसे द्यायचे हे ठेल्यागणिक वेगळं, पुढच्या माणसाचं बघा.

द्रोण आणि चमचा कचऱ्याच्या डब्यातच टाका, ओलं-सुकं वेगळं. डबे जागोजागी आहेत. खाली टाकलंत तर शेजारचा अनोळखी इंदुरी माणूसच तुम्हाला टोकेल, आणि ते फार लाजिरवाणं होतं, अनुभव आहे.

एखाद्या पुढाऱ्याबरोबरचे फोटो किंवा चॅनेलवर आल्याचा बोर्ड बघून दुकान निवडू नका, कढईतला माल किती वेगाने हलतोय ते बघा. मटण-चिकन शोधू नका, इथे सगळं शाकाहारी आहे. मोबाईल आणि पाकीट पुढच्या खिशात. ग्रुप असेल तर हरवल्यावर भेटायची जागा ठरवून ठेवा, राजवाड्याचा दरवाजा सगळ्यात सोपा, कारण गर्दीत फोन लागला तरी ऐकू येत नाही.

पायरी ८: बाहेर पडताना आणि दुसऱ्या दिवशी

साडेअकराला, फारतर बाराला निघा. रिक्षा गल्लीच्या तोंडावर पकडू नका, तिथे मागतील तो भाव. राजवाड्यापासून थोडं पुढे चालत जा, चालणं तसंही गरजेचं आहे, आणि ॲपवरून बोलवा. हॉटेलवर पोचल्यावर कोमट पाणी प्या आणि लगेच आडवं होऊ नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी भूक लागली तरच पोहे, नाहीतर सरळ दुपारी बाफले.

घरी न्यायचं सामान सराफ्यातून रात्री घेऊ नका. रबडी, मावा बाटी वगैरे प्रवासात टिकत नाहीत, आणि थंड झालेला जलेबा नुसता साखरेचा दगड. शेव, मिक्चर आणि जीरावनची पाकिटं दिवसा नमकीनच्या दुकानातून घ्या, तिथे चाखायला देतात, लवंगाची शेव आणि लसणाची शेव दोन्ही चाखून मग ठरवा. जीरावनचं पाकीट मात्र दुसऱ्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा, माझ्या बॅगेतलं एकदा फुटलं होतं आणि त्या स्वेटरला पुढच्या थंडीपर्यंत हिंगाचा वास येत होता.